कापशीची कातरणी

मित्रांनो, कातर म्हटली की तुम्हाला शिंप्याच्या टेबलावरची चकचकीत कात्री आठवेल, नाहीतर हस्तकलेच्या तासाची ती प्लॅस्टिकच्या मुठीची. मी तसली नव्हे. मी मेंढ्यांची लोकर कातरणारी एक जुनी कातर आहे. वीतभर लांबीची दोन जाड पाती, मधे एक खिळा आणि मुठीवर गुंडाळलेली लुगड्याची चिंधी, एवढाच माझा थाट. सध्या मी सोलापुरात, अक्कलकोट रोडजवळच्या एका दोन खोल्यांच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर पडून असते. माझ्या खिळ्यापाशी गंज धरला आहे आणि त्या गंजात तीन-चार पांढरे मऊ केस अडकले आहेत. ते केस मेंढीचे नाहीत. ते कुणाचे आणि माझ्यात कसे अडकले, तेवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म तसा रस्त्यावरचा. टेंभुर्णीच्या चौकात साखर वाहणाऱ्या एका मालट्रकचा स्प्रिंगचा पाटा मोडला आणि तो मोडका पाटा या हातातून त्या हातात जात सांगोल्याकडच्या तिप्पण्णा लोहाराच्या भात्यापुढे येऊन पडला. तिप्पण्णाने त्याचे विळे केले, खुरपी केली आणि उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. उरल्यासुरल्याची म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही. ज्या लोखंडाने दहा टन साखर वाहिली आहे, त्याने मेंढीच्या लोकरीपुढे का लाजावे? तिप्पण्णाने मला पाणी दिले, दगडावर धार लावली, स्वतःच्या दंडावरचे केस उतरवून पाहिले आणि सिदूच्या हातात मला ठेवत म्हणाला, "घे बाबा. फकस्त हिला कदी रगात दाखवू नको."

सिदू तेव्हा पंचविशीचा धनगर होता. शंभर-सव्वाशे मेंढ्या, एक घोडे आणि मायाक्का नावाची बायको, असा त्याचा संसार. तिप्पण्णाचा शब्द त्याने चाळीस वर्षे पाळला. वर्षातून दोनदा कातरणी असे. मेंढ्या ओढ्यात धुवायच्या, दोन दिवस सुकू द्यायच्या, मग एकेकीला आडवी घालून पोटापासून सुरुवात करायची. पहिली चिमूटभर लोकर देवाच्या नावाने बाजूला काढायची आणि काम झाले की कपाळाला भंडारा लावून मेंढी सोडून द्यायची. हजारो मेंढ्या माझ्याखालून गेल्या असतील, पण एकीच्याही कातड्याला मी ओरखडा काढला नाही. लोक म्हणत, सिदूच्या कातरीखाली मेंढरू झोपी जातंय. ते ऐकून सिदू मिशीतल्या मिशीत हसायचा आणि संध्याकाळी मायाक्का मला करडईचे तेल लावून ठेवायची. माझे ते सुखाचे दिवस होते.

एक दिवस मात्र सुखाचा नव्हता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचे तुम्हाला कळायचे नाही. एका वर्षी घरातल्या लग्नामुळे कातरणी लांबली. चैत्र आग ओकत होता आणि मेंढ्या अंगावर भरगच्च लोकर घेऊन माळावर होत्या. भर दुपारी एकेक मेंढी तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली, बसू लागली. सिदूने घाबरून काहींवर घागरीने पाणी ओतले आणि काहींना तिथेच मातीत पाडून माझ्याने कातरले. ज्यांच्यावर पाणी ओतले त्या अकरा मेंढ्या संध्याकाळपर्यंत गेल्या. ज्यांना कातरले त्या सगळ्या वाचल्या. तेव्हापासून सिदू ज्याला त्याला सांगायचा, "ओल्या लोकरीवर ऊन बसलं की जनावर शिजतंय. पाणी न्हाय, कातर घ्यावी." त्याने ते मोठी किंमत देऊन शिकलेले होते, म्हणून त्याला कुणी खोडून काढत नसे.

पुढे चराऊ माळ उरले नाहीत, मायाक्का गेली, मेंढ्या विकल्या. मुलगा जोतिराम एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता, तो बापाला शहरात घेऊन आला. सिदूने सोबत तीनच वस्तू आणल्या: घोंगडे, काठी आणि मी. बाहेरच्या खोलीत त्याची खाट पडली आणि खाटेच्या वर एका खिळ्याला मी लटकले. शहरात माझ्याजोगे काम नव्हते, तरी दर अमावास्येला सिदू मला उतरवून तेल लावायचा. त्याच्याजोगे काम मात्र थोडेफार निघायचे. गल्लीत कुणाची शेळी अडली, कुणाच्या गाईने वासराला जवळ घेतले नाही, की "सिदूआबा, जरा येता का?" म्हणून बोलावणे यायचे. सिदू लगबगीने वहाणा शोधायचा. त्या दोन मिनिटांत तो पुन्हा पंचविशीचा दिसायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास जोतिराम कामावरून येताना टॉवेलच्या खोक्यात एक मांजराचे पिल्लू घेऊन आला. पांढरेशुभ्र, चपट्या नाकाचे, सदा रुसल्यासारखे. त्याच्या मालकीणबाईंच्या पर्शियन मांजरीला चार पिल्ले झाली होती आणि 'तुमच्याकडे जनावराची माया आहे' म्हणून त्यांनी एक याला दिले. सोबत एक कागद दिला. त्यावर पिल्लाचे आईबाप, आजे-पणजे, सगळ्यांची नावे ओळीने छापली होती.

जोतिरामची मुलगी ऋतुजा तेव्हा अकरावीत होती. तिने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. तिच्या आईला आणि जोतिरामला हसू आवरेना, कारण मांजराला पणजोबा असतो हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. सिदू मात्र खाटेवर ताठ बसला.

"यात हसाय काय झालं?" तो म्हणाला. "आमच्या मेंढराचं बी असंच की. आई कुणाच्या कळपातली, नर कुटला, समदं तोंडपाठ पायजे. न्हायतर जनावर घेतंय कोण?"

आणि त्याने आपल्या लाडक्या मेंढीच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. ऋतुजा तोंडात बोट घालून ऐकत राहिली. त्या दिवसापासून आजा-नातीची गट्टी जमली. कागदावरचे लांबलचक इंग्रजी नाव घरात कुणालाच दोनदा सारखे म्हणता येईना, म्हणून सिदूने पिल्लाला कापशी म्हणायला सुरुवात केली. कापशी कुठल्याच नावाला ओ देत नव्हती, त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी जानेवारीत ऋतुजाला फोनवर जाहिरात दिसली. सोलापुरात पहिल्यांदाच मांजरांचे प्रदर्शन भरणार होते, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, होटगी रोडवरच्या एका गारेगार सभागृहात. बाहेरगावचे परीक्षक, गळ्यात बिल्ले, विजेत्याला रंगीत फितीचे फूल. एप्रिलात सोलापुरात प्रदर्शन ठेवणारे लोक बाहेरगावचेच असणार, हे वेगळे सांगायला नको. ऋतुजाने अर्ज भरला. त्यात 'देखभाल करणारे' असा एक रकाना होता. तिने आपल्या नावाखाली सिदूचे नाव लिहिले आणि त्याला वाचून दाखवले. थोड्या वेळाने सिदूने सुनेला विचारले, "माजा फेटा धुवाय टाकशील का गं? जत्रंला जायाचं हाय."

मग सुरू झाली तयारी. मित्रांनो, मेंढी बाजाराला न्यायची तर एक दिवस पुरतो. या बयेला तीन महिने लागले. ऋतुजा फोनवर बघून बघून शिकायची. रोज संध्याकाळी आधी जाड दातांची, मग बारीक दातांची पोलादी फणी. फणी ओढायची नाही, केसांच्या टोकापासून मुळाकडे सरकायचे. कानामागे आणि काखेत गाठी होतात, त्या बोटांनी सोडवायच्या. डोळ्यांतून पाणी गळून नाकापाशी तांबूस डाग पडतो, तो कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने सकाळ-संध्याकाळ पुसायचा. केस तेलकट झाले की मक्याचे पीठ भुरभुरवून झटकायचे. "एवढी उस्तवार तर नवरीची बी करत न्हाईत," असे आई म्हणायची आणि तरी कापसाची पुडी संपली की स्वतःच आणून ठेवायची.

फणीचे काम सिदूने लवकरच आपल्याकडे घेतले. ऋतुजाच्या हातात कापशी वळवळायची, सिदूच्या मांडीवर ती पाय पसरून घोरायची. मी वरून बघायचे. ते हात माझ्या ओळखीचे होते; मेंढीच्या पोटावरून फिरताना ते असेच हलके व्हायचे. खरे सांगते, मला त्या फणीचा थोडा हेवा वाटला.

प्रदर्शनात अनोळखी परीक्षक मांजराला टेबलावर घेऊन उचलतो, ताणून बघतो, शेपूट मोजतो. त्याची सवय हवी म्हणून रोज परीक्षेची तालीम चाले. परीक्षक अर्थातच सिदू. ऋतुजा कापशीला टेबलावर ठेवायची आणि सिदू गंभीर चेहऱ्याने यायचा. पहिल्याच दिवशी त्याने कापशीचा जबडा उघडून दात मोजले.

"आबा, दात न्हाय बघत!" ऋतुजा हसून लोळायची बाकी राहिली.

"मग वय कसं कळतंय तुमच्या साहेबाला?"

"कागदावर असतंय की वय."

"कागद काय, कुणीबी लिवतंय," सिदू म्हणाला आणि त्याने पुन्हा एकदा दात मोजून 'नंबर पास' असे जाहीर केले.

तारेचा पिंजरा आणला. त्याला जोतिरामने कारखान्यातल्या पांढऱ्या टॉवेलांचे पडदे शिवून घेतले. कापशीने त्यात न कंटाळता बसावे म्हणून सिदू पिंजऱ्याशेजारी जमिनीवर घोंगडे टाकून तास-तास बसायचा आणि तिला माळावरच्या गोष्टी सांगायचा. लस टोचली, दाखला घेतला, नखे कापली. नखे कापायला मला कुणी विचारले नाही. ऋतुजाने इवलीशी नखकात्री आणली होती. मी आपली खिळ्याला लटकून राहिले.

शनिवार उजाडला. उद्या प्रदर्शन. पारा त्रेचाळीसला टेकला होता. सकाळी ऋतुजाने कापशीला दोनदा शाम्पू लावून आंघोळ घातली आणि ब्लोअरने दीड तास वाळवले. प्रत्येक बट फणीवर धरून, मुळापासून टोकापर्यंत. काम संपले तेव्हा टेबलावर मांजर नव्हतेच, पिंजलेल्या कापसाचा ढीग होता आणि त्यात दोन तांबूस डोळे. ऋतुजाला रडूच आले. तिने आज्याच्या पाठीवर डोके टेकले आणि म्हणाली, "आबा, उद्या स्टेजवर तुमीच उचलायचं हिला."

बारा वाजता तिची क्लासला चाचणी होती. आईबाप दोघेही कारखान्यात. धूळ बसू नये म्हणून तिने कापशीला आतल्या खोलीत पिंजऱ्यात ठेवले, खिडक्या घट्ट लावल्या, कूलर सुरू केला आणि दार ओढून घेतले.

"आबा, दार उघडू नका हं. धूळ बसली की पुन्यांदा आंघोळ घालावी लागंल. चारला येते मी."

"न्हाय उघडत. जा तू निवांत."

एकच्या सुमाराला लाईट गेली. पंखा थांबला, आत कूलर थांबला. सिदू घामाने जागा झाला आणि बंद दाराकडे बघत खाटेवर बसला. पोरीने सांगितले होते, उघडू नका. तो उठला, दारापाशी गेला, परत आला. पुन्हा गेला, दाराला कान लावून उभा राहिला. असा अर्धा तास गेला असेल. एरवी जनावराच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचे ऐकत नसे, पण नातीला दिलेला शब्द त्याला मोडवेना. मग आतून आवाज आला. उघड्या तोंडाने धापा टाकल्याचा. तो आवाज त्याच्याइतकाच मलाही ओळखीचा होता.

त्याने दार उघडले. आत भट्टी झाली होती. कापशी पिंजऱ्यात आडवी पडली होती, जीभ बाहेर, पोट भात्यासारखे हलत होते. त्याने तिला उचलून बाहेर आणले, दारे-खिडक्या उघडल्या, वाटीत पाणी पुढे केले. तिने तोंड लावले नाही. त्याने ऋतुजाला फोन लावला, बंद होता. जोतिरामला लावला, वाजून वाजून थांबला. मागाच्या खडखडाटात कुणाला ऐकू येणार? मोरीत पाण्याने भरलेली बादली होती. सिदूने तिच्यात हात बुडवला. मग त्या अकरा मेंढ्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या असणार, कारण त्याने हात झटकन बाहेर काढला.

आणि त्याने वर, माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आले असते तर मी काय सांगितले असते? खूप विचार केला आहे मी यावर. मीही 'कातर' असेच सांगितले असते. मलासुद्धा दुसरे काही ठाऊक नव्हते.

त्याने मला खाली घेतले. माझी मूठ घट्ट पकडली. "पोरी, माफ कर गं," तो म्हणाला. ते कापशीला नव्हते. पहिली बट त्याने देवाच्या नावाने बाजूला ठेवली आणि पोटापासून सुरुवात केली. मांजराचे कातडे मेंढीपेक्षा किती पातळ असते म्हणून सांगू! कांद्याचा पापुद्राच. मी जीव मुठीत धरून चालले. पोट, काखा, पाठ, मान. तीन महिन्यांची फणी, कापूस, मक्याचे पीठ, सगळे माझ्या पात्यांतून घोंगड्यावर पडत होते. एक ओरखडा नाही. आयुष्यातले माझे सर्वांत नाजूक काम ते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

हळूहळू कापशीची धाप बसली. तिने मान उचलली आणि ती वाटीतले पाणी प्यायली. सिदूने तिच्या कपाळाला बोटभर भंडारा लावला, घाईत मला बंडीच्या खिशात टाकले आणि तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने ती त्याच्या मांडीवर घोरायला लागली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, पण तो समाधानात होता. जनावर वाचले होते.

चार वाजता ऋतुजा आली. दारातच थांबली. घोंगड्यावर पांढरा ढीग, आणि आज्याच्या मांडीवर एक उघडेबोडके, पट्ट्यापट्ट्यांचे, कपाळ पिवळे झालेले किडमिडे जनावर. ती ओरडली नाही. खाली बसली आणि दोन्ही हातांनी ते केस गोळा करायला लागली, जणू ते परत लावता येणार होते.

"लाईट गेली हुती, बाळा," सिदू सांगू लागला. "त्वांड उगडून पडली हुती. मी म्हनलं..."

तिने ऐकून घेतले नाही. रिक्षा बोलावली. कापशीला तिने हातही लावला नाही, त्यामुळे सिदूच तिला छातीशी धरून मागे बसला, आणि मी त्याच्या खिशात.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी ताप पाहिला, सलाईन लावली, सगळी हकिगत विचारली.

"डॉक्टर, केस कापायची गरज होती का?" ऋतुजाने विचारले.

डॉक्टरांनी एकदा सिदूकडे पाहिले आणि खरे ते सांगितले. "नाही. मेंढीचं काय असेल ते असो, मांजराला ओला टॉवेल गुंडाळून वारा घातला असता तरी भागलं असतं. पण आजोबांनी दार उघडलं नसतं तर मात्र हे मांजर तासाभरात गेलं असतं. खोली बंद ठेवायला नको होती."

या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. ऋतुजाने पहिली तेवढी ऐकली. आणि दुर्दैव असे की सिदूनेही पहिली तेवढीच ऐकली. ज्या घरात जोतिरामने कारखान्यातून आणलेल्या टॉवेलांची थप्पी छताला टेकली होती, त्या घरात ओला टॉवेल पुरला असता.

घरी येईपर्यंत जोतिराम आणि ऋतुजाची आई परत आले होते. ऋतुजाने पिंजऱ्याचे पांढरे पडदे ओढून काढले, जमिनीवर टाकले आणि मग इतका वेळ दाबून धरलेले तिच्या तोंडून बाहेर पडले.

"सगळी गल्ली उगंच डोक्यावर घेती तुमाला! तुमाला जनावरातलं काय सुदिक कळत न्हाय आबा. काय सुदिक न्हाय!"

"ऋतुजा!" जोतिराम ओरडला.

"बोलू दे तिला," सिदू म्हणाला. "खरं हाय तिचं."

त्याने बंडीच्या खिशातून मला काढले. मी खिळ्याकडे जाईन असे मला वाटले होते. तो खिडकीपर्यंत गेला, मला कट्ट्यावर ठेवले, न पुसता, न तेल लावता, आणि धुऊन इस्त्री केलेला फेटा ट्रंकेत ठेवून झाकण लावले. रविवारी कुणीच प्रदर्शनाला गेले नाही. सत्तावीस नंबरचा बिल्ला पिंजऱ्यात पडून होता.

चार दिवसांनी ऋतुजाने कापशीची तब्येत सांगायला डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "आजोबांना सांगा, वेळेवर दार उघडलंत." फोन ठेवून ती कितीतरी वेळ आतल्या खोलीत, त्याच लावलेल्या खिडकीपाशी उभी राहिली. खिडकी तिनेच लावली होती. मग ती बाहेर आली, आज्याच्या पायांवर डोके ठेवून हुंदके देऊन रडली. सिदूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"येडी का काय? तुजं काय चुकलं न्हाय. रागात माणूस बोलतंय."

त्याने तिला माफ केले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ऋतुजावर त्याचा राग नव्हताच. तिचे म्हणणे त्याला पटले होते, एवढेच.

कापशी मांजराच्या जातीला न शोभेल इतकी इमानी निघाली. रोज दुपारी ती खाटेपाशी येते आणि सिदूच्या पायांना पाठ घासते. सिदू पाय वर घेतो. ती खाटेवर उडी मारते. तो हात मांडीखाली घालून बसतो आणि सुनेला हाक मारतो, "हिला घेऊन जा गं." फणी ऋतुजा त्याच्यापुढे ठेवते. तो म्हणतो, "तूच कर. तुला जमतंय."

श्रावणात कापशीच्या अंगावर दोन बोटे केस आले होते. एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली बजाबाई पोटाशी करडू धरून धावत आली. करडाचे पोट नगाऱ्यासारखे फुगले होते.

"सिदूआबा, बगा की वो! राती पाला खाल्ला आन् सकाळधरनं असं करतंय. तुमच्या हातानं बरं हुतंय, लवकर बगा!"

सिदू उठला. एक पाऊल पुढे आला. मला वाटले, आता हात पुढे होईल. करडू धापा टाकत त्याच्याकडे बघत होते. तो तिथेच थांबला आणि हात मागे बांधले.

"दवाखान्यात न्या बाई," तो म्हणाला. "मला जनावरातलं काय कळत न्हाय."

तो रुसून बोलला नाही, कुणाला टोमणाही मारला नाही. आपले वय सांगावे तसे त्याने ते सांगितले. आत ऋतुजा कापशीला विंचरत होती, तिची फणी थांबली. ती दारात आली. बजाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग रिक्षा शोधायला पळाली.

"आबा, असं नका ना म्हणू," ऋतुजा म्हणाली.

"आगं, खरं त्येच सांगितलं की," सिदू म्हणाला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

मित्रांनो, गोष्ट एवढीच आहे. त्या दिवसापासून बोलावणी यायची थांबली. ऋतुजा रोज काहीतरी विचारते: "आबा, हिचं नाक गरम लागतंय, बघता का? आबा, मेंढीच्या सात पिढ्या पुन्यांदा सांगा की." तो हसून मान हलवतो. तुमच्या घरातही असे कुणी असेल, ज्याने आयुष्यभर एकच विद्या जीव लावून शिकली. त्याच्या हातून चूक झाली तर चूक झाली म्हणा, भांडा, चार दिवस अबोला धरा. पण त्याला काहीच कळत नाही, असे मात्र म्हणू नका. म्हातारी माणसे अशी गोष्ट लगेच खरी मानतात, आणि मग ती त्यांच्या मनातून काढता काढता घरातली सगळी माणसे दमून जातात.

माझी काळजी करू नका. गंज दगडाने निघतो, धार परत येते, आणि लोखंडाला वाट बघायला पुष्कळ वेळ असतो. सिदूला मात्र परवाच चौऱ्याहत्तरावे वर्ष लागले.